तलावातली रोवणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळा सरत आला की आमच्या पूर्व विदर्भात माणसे भेटल्यावर एकमेकांना हमखास विचारतात, ‘‘यंदा तलाव भरला का?’’ भरला म्हटले की जीव भांड्यात पडतो. धान हाती लागणार, विहिरींना पाणी राहणार, गुराढोरांची सोय होणार. प्रश्न अगदी रास्त आहे. पण आज मला त्याच्या पुढचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. भरलेल्या तलावात पाण्याखेरीज आणखी काय आहे?

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. मुलांना घेऊन भंडारा, गोंदिया जिल्ह्यांतले तलाव पायी फिरलो. प्रयोगशाळेतल्या बरण्यांपेक्षा या तलावांनी मला अधिक शिकवले, आणि त्याहूनही अधिक शिकवले ते तलावांवर पोट असणाऱ्या ढिवर बांधवांनी. जे सांगणार आहे ते पुष्कळसे त्यांच्याकडूनच घेतलेले आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात. यातले बहुसंख्य तलाव कोणा सरकारी खात्याने बांधलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात, त्यांच्या उत्तेजनाने, कोहळी समाजातल्या जाणकारांनी आणि इतर रयतेने ते बांधले. जो तलाव बांधील त्याला जमीन मिळे. जमिनीचा उतार कसा आहे, पाणी कोठून येते, पाळ कोठे घातली म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडेल, याचे त्यांचे गणित इतके पक्के होते की आजचे अभियंतेही त्याला दाद देतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, असे सांगतात. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे तो तलाव आणि त्याच्या काठचे रान मराठी वाचकांच्या घराघरांत पोचले. अशा लहानमोठ्या तलावांची संख्या या भागात साडेसहा हजारांच्या वर आहे. शेतातल्या लहान बोड्या वेगळ्याच.

हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. मालगुजारीत अन्याय, वेठ सारे काही होते, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तलावाची पाळ फुटली तर ती बुजवणे, पाट साफ करणे, गाळ काढणे ही कामे गावाला चुकत नसत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली. तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता. 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. सरकारी बोलीत ‘मामा तलाव’. मामाच्या घरी भाच्यांनी हक्काने जावे, पण मामाची विचारपूस कोणी करू नये, तशी या तलावांची गत झाली. गावाने म्हटले, तलाव आता सरकारचा. सरकारने म्हटले, एवढ्या हजारो तलावांना माणसे कोठून आणायची? गाळ साचत गेला, पाळी खचल्या, येव्यांवर अतिक्रमणे झाली.

हे नुकसान डोळ्यांना दिसणारे आहे. वर्तमानपत्रांत त्यावर लिहून येते, अधूनमधून निधीही मिळतो. पाण्याखाली झालेले नुकसान मात्र दिसत नाही. ते फक्त जाळे टाकणाऱ्याला कळते.

तलाव म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. टाकीला चारही बाजूंनी सरळ भिंती असतात. आमच्या जुन्या तलावाला एका बाजूला पाळ आणि उरलेल्या बाजूंनी हळूहळू चढत जाणारा उथळ काठ असतो. या उथळ काठाचे तीन-चार पट्टे पडतात. अगदी कडेला, जेथे पाणी पावसाळ्यापुरतेच येते, तेथे लव्हाळे, गवते आणि देवधान उगवते. देवधान म्हणजे आपल्या धानाचा रानातला भाऊबंद. थोडे आत, कमरेएवढ्या पाण्यात, कमळे आणि कुमुदे. त्यांची मुळे चिखलात आणि पाने पाण्यावर. आणखी आत पाण्यात पूर्ण बुडून राहणाऱ्या वनस्पती, हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम यांसारख्या. आपण त्या सगळ्यांना सरसकट ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो. ढिवर मात्र त्यांतल्या प्रत्येकीला वेगळ्या नावाने ओळखतात, आणि कोणत्या वनस्पतीत कोणता मासा सापडेल तेही सांगतात.

का सापडतो? मासा त्या वनस्पतीत राहतो, खातो, लपतो आणि अंडी घालतो म्हणून. मरळ माशाचे उदाहरण घ्या. मरळीची जोडी पाणवनस्पतींमध्ये थोडी जागा मोकळी करून तेथे अंडी सोडते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आईबाप पहारा देतात. पिल्ले निघाली की त्यांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसतो आणि खाली नर-मादी राखणीला असतात. आता ही वनस्पतीच नसेल तर मरळीने घरटे कोठे करायचे? लहान खवल्यांच्या कितीतरी माशांची अंडी बुडालेल्या पानांना चिकटलेली असतात. झिंगे त्याच झाडोऱ्यात वाढतात. पानांवर जी बुळबुळीत साय धरते, तीत सूक्ष्म शैवाल आणि किडे असतात. माशांच्या पिल्लांचे ते पहिले अन्न. एक वनस्पती गेली की बाळंतघर, पाळणा आणि स्वयंपाकघर, तिन्ही एकदम जातात.

आणखी एक गोष्ट. बुडालेल्या वनस्पती गाळ धरून ठेवतात, पाण्यातली खते शोषून घेतात, त्यामुळे पाणी नितळ राहते. पाणी नितळ म्हणून खाली ऊन पोचते आणि ऊन पोचते म्हणून वनस्पती वाढतात. हे चक्र सुरळीत चालले की चालतच राहते. पण एकदा मोडले की उलटे फिरू लागते. वनस्पती गेल्या की गाळ उसळतो, पाणी गढूळ किंवा हिरवेगार होते, ऊन खाली पोचत नाही आणि नवी वनस्पती रुजत नाही. उथळ तळी या दोनपैकी एका अवस्थेत अडकून बसतात, असे तळ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणूनच बिघडलेला तलाव नुसता सोडून दिला तर आपोआप सुधारेल, ही आशा पुष्कळदा फोल ठरते.

हे चक्र कशाने मोडले? कारणे अनेक आहेत. शेतातून येणारी रासायनिक खते आणि कीटकनाशके. काठावरची अतिक्रमणे. बेशरम नावाची झुडपे. ही बेशरम मूळची दक्षिण अमेरिकेतली. फांदीचा तुकडा पडला तरी रुजते, गुरे तोंड लावत नाहीत, आणि बघता बघता देवधानाचा सगळा पट्टा गिळून टाकते. नाव अगदी शोभणारे आहे.

आणि एक कारण असे आहे, की ते सांगताना जरा जपून बोलावे लागते. ते म्हणजे आपली मत्स्यशेती. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना संप्रेरक टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. हा मोठाच शोध होता. आजही 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे वाहत्या, पूर आलेल्या नदीत अंडी घालतात. साध्या तलावात ते सहसा वाढतात, पण विणत नाहीत. चौधुरींच्या शोधामुळे त्यांचे बीज हवे तेव्हा मिळू लागले. पुढे त्यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे परदेशी मासे आले. देशाचे मत्स्योत्पादन वाढले, लाखो लोकांच्या ताटात मासा आला. त्याचे मोल कमी लेखू नये.

पण शेततळ्यासाठी, राखलेल्या तळ्यासाठी जी पद्धत योग्य, तीच पद्धत जिवंत जुन्या तलावात जशीच्या तशी आणली गेली. ‘तलावातली घाण काढा, बीज सोडा’ हा सल्ला झाला. घाण म्हणजे काय, तर पाणवनस्पती. आणि ‘निरुपयोगी मासे’ म्हणजे काय, तर मरळ, मागूर, शिंगी, वाम! गवत्या मासा तर वनस्पती संपवण्यासाठीच सोडला जाई. अनुकूल तापमानात तो रोज स्वतःच्या वजनाइतका पाला फस्त करू शकतो. सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो. म्हणजे जे चक्र नीट चालले होते, ते मोडणारे दोन कारागीर आपण पैसे देऊन आणून बसवले.

त्याचा हिशेब कोणी मांडला? एका गावच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेच्या बैठकीला मी बसलो होतो. विषय होता त्या वर्षीच्या बोटुकल्यांच्या खरेदीचा. कर्ज काढावे की न काढावे यावर वाद चालला होता. एक म्हातारे ढिवर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘का जी सर, पयले आमी तलावात काई टाकत नोहतो, तरी मासा निंगे. आता दरसाल पैसे टाकतो, तवा मासा निंगते. एखांद्या साली पानी आटलं का पैसेबी गेले न मासाबी गेला.’’ अर्थशास्त्राच्या पुस्तकात याहून स्पष्ट मांडणी मला सापडलेली नाही.

त्यांच्या बोलण्यातले शास्त्र पाहा. स्थानिक मासे तलावातच वितात, त्यांचे बीज विकत आणावे लागत नाही. मरळ, मागूर, शिंगी यांना कल्ल्यांखेरीज हवेतला प्राणवायू घेण्याची सोय असते. त्यामुळे तलाव आटत आला, पाण्यात जीव उरला नाही, तरी ते चिखलात तग धरतात. शिवाय बाजारात मरळीला आणि मागुराला रोहूपेक्षा चढा भाव मिळतो. आणि बारीक मासळी? ती बाजारात जातच नाही, घरात शिजते. डोके, काटे यांसकट खाल्ली जाते. वाढत्या वयाच्या मुलांना आणि बाळंतिणींना चुना आणि लोह पुरवणारे ते सर्वांत स्वस्त औषध. तलावातून बारीक मासळी गेली ती उत्पादनाच्या आकडेवारीत दिसली नाही, कारण ती त्या आकडेवारीत कधी नव्हतीच. ती गेली ती ढिवर बायकांच्या चुलीवरून.

मग करायचे काय? भंडारा, गोंदिया भागात मनीष राजनकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढिवरांना बरोबर घेऊन या प्रश्नाचा पाठपुरावा केला. आधी त्यांनी लोकांकडचे ज्ञान गोळा केले. कोणती वनस्पती, कोणता मासा, कोणता पक्षी, कोणता ऋतू. आणि मग अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या तलावांमध्ये त्या ज्ञानाच्या आधारे काम उभे केले. ढिवर समाजाच्या सहकारी संस्था आणि महिलांचे गट त्यात उतरले. त्या कामाची रीत मी थोडक्यात सांगतो, कारण ती कोणालाही उचलता येण्याजोगी आहे.

पहिले काम उन्हाळ्यातले. तलाव आटला की बेशरम मुळासकट खणून काढायची आणि वाळवून जाळायची. नुसती कापली तर ती पावसाळ्यात दुप्पट जोमाने उठते. दुसरे काम, काठाच्या उथळ भागातला एखादा तुकडा नांगरून भुसभुशीत करायचा. वर्षानुवर्षे गढूळ पाण्याखाली राहून ती माती चोपून दगडासारखी झालेली असते, तीत मूळ शिरत नाही. तिसरे काम पावसाळा लागल्यावरचे. ज्या तलावात अजून वनस्पती टिकून आहेत, तेथून कांदे, मुळ्या, रोपे आणायची आणि नांगरलेल्या तुकड्यात लावायची. कोणती कडेला, कोणती गुडघाभर पाण्यात, कोणती खोलात, हे जाणत्यांना विचारून ठरवायचे.

हे काम बायका करतात. धानाच्या बांधीत ज्या हातांनी पऱ्हे रोवायचे, त्याच हातांनी ओळीने तलावात रोवणी चालते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा काठावरून जाणारा एक शेतकरी थांबून हसला होता, ‘‘कचरा लावता का जी बायांनो?’’ त्या बायांपैकी एकीने मान वर न करता उत्तर दिले, ‘‘कचरा नोहय भाऊ, मासा लावतो आमी.’’

चौथे काम सर्वांत कठीण. राखण करणे. लावलेल्या तुकड्यात दोन-तीन वर्षे गुरे जाऊ द्यायची नाहीत, जाळे ओढायचे नाही, आणि गवत्या, सायप्रिनस तलावात सोडायचे नाहीत. पहिल्या पावसात मासे चढणीला लागतात, पोटात अंडी घेऊन येव्याकडे धाव घेतात. त्या दिवसांत त्यांना अडवून पकडायचे नाही. सांगायला सोपे आहे. पण ज्याच्या घरी आजच्या जेवणाची भ्रांत आहे, त्याने आज हाताशी आलेला मासा सोडून द्यायचा, हे सोपे नसते. म्हणून हा निर्णय वरून हुकूम काढून होत नाही. संस्थेच्या सभेत, भांडून, एकमेकांना समजावूनच तो व्हावा लागतो.

सगळे काही पहिल्या झटक्यात जमते असेही नाही. एखाद्या वर्षी पाऊस उशिरा येतो आणि रोपे वाळतात. एखाद्या वर्षी एकदम तलाव भरतो आणि रोपे कुजतात. वरच्या शेतात जोराची फवारणी झाली की सगळा झिंगा मरतो. संस्थांमधल्या तरुणांचा एक आक्षेपही मी ऐकला आहे. वनस्पती वाढल्या तर मोठे जाळे ओढता येत नाही, मग रोहू-कटला कसा काढायचा? आक्षेप खोटा नाही. म्हणून सगळा तलाव वनस्पतींनी भरून टाका असे कोणी जाणते माणूस म्हणत नाही. काठ वनस्पतींना, मधले खोल पाणी जाळ्याला. कटला-रोहू बेताने सोडावा, स्थानिक मासा आपला आपण वाढू द्यावा. मत्स्यशेती की जैवविविधता, असा हा झगडाच नाही. रोहू हे नगदी पीक आहे, मरळ हे राखीव धान्य आहे. शहाणा शेतकरी दोन्ही ठेवतो.

एखादा तुकडा नीट लागला की मग पाहुणे येऊ लागतात. आधी चतुर आणि टाचण्या. मग कमळपक्षी, पाणकोंबड्या. हिवाळ्यात बदके. महाराष्ट्रातले सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि त्याला लागून उरले आहेत. तेही याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने. पाणवनस्पतींचे कंद हे त्यांचे आवडते खाद्य. सारस वाचवा म्हणून आपण सभा घेतो, फलक लावतो. सारसाला फलक नको आहे. त्याला उथळ काठ हवा आहे.

हा अनुभव आमच्यापुरताच आहे असे नाही. ओडिशातले चिल्का सरोवर पाहा. समुद्राकडचे मुख गाळाने बुजत गेले, पाण्याचा खारटपणा घटला, पाणतणे माजली, मासळी रोडावली. 23 सप्टेंबर 2000 रोजी समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. 1999-2000 साली तेथे सुमारे पावणेदोन हजार टन मासळी मिळाली होती, ती 2001-02 मध्ये सुमारे बारा हजार टनांवर गेली. संकटग्रस्त पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून 2002 मध्ये चिल्काचे नाव निघाले. आशियात असे पहिल्यांदाच घडत होते. तेथे बीज ओतून मासळी वाढवली नाही. माशांच्या येण्याजाण्याची वाट मोकळी केली, बाकीचे माशांनी केले. आणि आपल्या रायगड जिल्ह्यात वाळणकोंडचा डोह आहे. तेथील मासे देवीचे मानून गाव त्यांना पिढ्यानुपिढ्या राखत आले आहे. देवाच्या नावाने असो की संस्थेच्या ठरावाने, पाण्याचा एक कोपरा राखला की बाकीच्या पाण्याला बीज मिळते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो तातडीचा आहे. तलावांच्या दुरुस्तीसाठी पैसा येऊ लागला आहे ही आनंदाची गोष्ट. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेतून गाळ निघू लागला. पण गाळ काढताना यंत्र जर काठापासून काठापर्यंत फिरले आणि तलावाची सरळ भिंतींची टाकी करून गेले, तर पाण्याचा साठा वाढेल आणि तलाव मरेल. उथळ पट्टा गेला की देवधान, कमळ, मरळीचे घरटे, सारसाचा कंद, सारे एका उन्हाळ्यात जाते. शहरांत तर याच्याही पुढची पायरी आहे. सुशोभीकरण! काठाला दगडी पिचिंग, वर सिमेंटचा रस्ता, रंगीत दिवे. फिरायला छान. पण बेडकालाही वर चढता येऊ नये असा काठ करून आपण कशाची शोभा वाढवतो?

माझी विनंती साधी आहे. तुमच्या गावच्या तलावाचे काम निघाले तर आराखडा मागा आणि तीन गोष्टी विचारा. उथळ काठाचा किती भाग न खोदता ठेवणार? आटल्या तलावातही माशांना आसरा देईल असा एखादा खोलगट डोह राखणार का? आणि तलावाचा ठेका ज्या संस्थेकडे आहे, त्या ढिवर बांधवांना विचारले का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. धान शेतकऱ्याचे, पाळ सरकारची, सौंदर्य पर्यटकाचे, असे सगळ्यांचे हिशेब मांडले जातात. पाण्याखालचे जो जाणतो त्याला मात्र सभेत मागच्या रांगेत बसवतात.

पूर्वजांनी पाळ बांधून पाणी अडवले, ते काम फार मोठे होते. आता आपल्या वाट्याला आलेले काम लहान आहे. हातात रोपांची जुडी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचे आणि वाकायचे, एवढेच. येत्या पावसाळ्यात आपल्या गावच्या तलावाचा एक तुकडा, अगदी दहा हात लांब-रुंद का होईना, लावून पाहा. तीन वर्षांनी त्याच पाण्यात जाळे टाका आणि जाळ्यात काय आले ते गावाला सांगा.